नवव्या महिन्यातले सहा खजूर

“खजूर खाल्ला नव्हतास काय गं शेवटच्या महिन्यात?”

२०२४चा नोव्हेंबर, माझ्या मावसबहिणीच्या बाळाचं बारसं, कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेतलं मावशीचं घर. पाळणा सजवून झालेला, घुगऱ्यांचं पातेलं नुकतंच गॅसवरून उतरवलेलं, आणि नात्यातल्या एक काकू पाळण्यात वाकून बाळाला बघत बघतच हे बोलून गेल्या, कारण बहिणीचं सिझर झालेलं. ती कॉटवर टेकून बसलेली, टाक्यांमुळे अजून नीट वाकताही येत नव्हतं तिला. “खाल्ले होते की काकू, रोज खाल्ले होते,” एवढंच म्हणाली आणि बाळाला पाजायचंय म्हणून आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले तर भिंतीकडे तोंड करून रडत होती.

तिचं बाळ पायाळू होतं. मुदत भरत आली तरी डोकं वरच, सोनोग्राफीत दोनदा बघितलं, मग डॉक्टरांनी तारीख देऊन सिझर केलं. शंभरात तीन-चार बाळं मुदतीला अशी उलटी असतात, त्यात आईचा काय दोष आणि खजुराचा काय संबंध? पण तिनं महिनाभर रोज खजूर खाल्ले होते, आवडत नसताना खाल्ले होते, पाण्याबरोबर गिळल्यासारखे खाल्ले होते, कारण कुणीतरी सांगितलेलं की खाल्ले की नॉर्मलच होतंय. आणि आता तिच्या डोक्यात हेच चाललेलं की आपण सहाच्या जागी कधी चार खाल्ले, कधी विसरलो, म्हणून हे झालं.

मला तेव्हा पाचवा महिना होता. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, त्यामुळे कुणी काही छातीठोक सांगितलं की कुणी बघितलं, किती जणांवर बघितलं, असले प्रश्न डोक्यात येतातच. घरी येऊन त्याच रात्री वाचायला बसले. आता मुलगी चालायला लागलीय तेव्हा कुठे हे लिहायला वेळ मिळतोय, पण लिहायचं त्या दिवशीच ठरलं होतं.

तर हे खजुराचं एवढं नाव झालं ते मुख्यतः जॉर्डनमधल्या एका अभ्यासामुळे, २०११ साली छापून आलेला. त्यात ६९ बायकांनी तारखेच्या आधीचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले आणि ४५ जणींनी खाल्ले नाहीत. खाणाऱ्या बायका दवाखान्यात आल्या तेव्हा पिशवीचं तोंड सरासरी ३.५२ सेंटिमीटर उघडलेलं होतं, न खाणाऱ्यांचं २.०२. कळा आपणहून सुरू झालेल्या ९६ टक्के, दुसरीकडे ७९ टक्के. कळा यायला किंवा वाढवायला औषध लागलं ते २८ टक्के विरुद्ध ४७ टक्के. आणि कळांचा तो पहिला लांबलचक टप्पा, ज्यात पोट नुसतं येऊन येऊन आवळतं आणि माणूस कंटाळून जातं, तो ५१० मिनिटं विरुद्ध ९०६ मिनिटं, म्हणजे साडेआठ तास आणि पंधरा तास! हे वाचून मी रात्री अकरा वाजता नवऱ्याला उठवून सांगितलेलं.

पण दुसऱ्या दिवशी शांतपणे परत वाचलं. एक तर बायका कमी, आणि दुसरं म्हणजे कुणी खायचे आणि कुणी नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. म्हणजे ज्या खाणाऱ्या होत्या त्या मुळातच जरा जास्त काळजी घेणाऱ्या, जास्त चालणाऱ्या वगैरे असू शकतात. आम्ही नववीच्या पोरांना झाडाच्या दोन कुंड्यांचा प्रयोग शिकवतो ना, एकीला खत घाल, एकीला नको, बाकी ऊन-पाणी-माती सारखी पाहिजे, नाहीतर निष्कर्ष काढू नका, तसंच हे.

मग मलेशियातला सापडला, २०१७चा. तो मला जास्त पटला. पहिलटकरणी १५४, सरळ चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटलेल्या, एका गटाला सदतिसाव्या आठवड्यापासून रोज सात खजूर. निकाल काय, तर कळा लवकर सुरू झाल्या नाहीत! त्याबाबतीत दोन्ही गट सारखेच. मात्र कळा सुरू झाल्यावर त्या वाढवायला औषध लागलं ते खाणाऱ्यांत ३७ टक्के आणि न खाणाऱ्यांत ५० टक्के. पुढे २०२०मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले गेले, त्यातही पिशवीचं तोंड मऊ व्हायला थोडी मदत होत असावी असं दिसलं, पण सिझरच्या प्रमाणात फरक नाही. नाही म्हणजे नाही. हे वाक्य मी त्या रात्री बहिणीला व्हॉट्सअपवर पाठवलं, आणि फोन करून मराठीत समजावून पण सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “आईला पण सांग जरा.”

मला खरंच वाटतं की हे सगळ्यात आधी सगळ्या घरांत सांगायला पाहिजे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी दवाखान्यांमधली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरची आणि सरकारीमधली १४.३ टक्के. आता सरकारीत जाणाऱ्या बायका काय तिप्पट खजूर खातात काय? सिझर कधी बाळ अडलं म्हणून होतं, कधी ठोके कमी झाले म्हणून, कधी बीपीमुळे, कधी दवाखान्याच्या पद्धतीमुळे, पण पाळण्यापाशी उभं राहून बाईलाच विचारतात, तू काय खाल्लं नव्हतंस.

हे सगळं वाचून झाल्यावर मी तरीही खजूर खायचे ठरवले. का, तर मला आवडतात, पोट साफ व्हायला मदत होते (शेवटच्या दिवसांत लोहाच्या गोळ्या चालू असताना हे किती मोठं सुख आहे ते ज्यांना माहीत त्यांना माहीत), आणि थोडीशी जरी मदत झाली तर चांगलंच. पण आधी डॉक्टर मॅडमना विचारलं. त्यांनी पहिला प्रश्न केला तो शुगरचा. ते ७५ ग्रॅम ग्लुकोजचं गोड पाणी पिऊन दोन तासांनी रक्त देतात ना, त्यात १४० किंवा त्याच्या पुढे आलं की गरोदरपणातला मधुमेह धरतात, माझं ११८ आलेलं. म्हणून हो म्हणाल्या. माझ्याबरोबर तपासणीला यायची एक गडहिंग्लजकडची मुलगी, तिची शुगर वाढलेली, तिला सासूबाई रोज बळंच खजूर-तूप देत होत्या बाळंतपण सुटसुटीत व्हावं म्हणून, आणि ती बिचारी मॅडमना सांगायलाच घाबरत होती. कृपा करून शुगर असेल तर असलं काही घरच्या घरी करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. किडनीचा त्रास असेल त्यांनी पण, कारण खजुरात पोटॅशियम बरंच असतं.

आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या आधी मुद्दाम हे असं रोज मोजून खाऊ नका, अभ्यास बहुतेक शेवटच्या चार आठवड्यांवरच झालेत. एखादा-दुसरा कधीही खा हो, तो काय औषध नाही.

माझी तारीख होती १० एप्रिल २०२५. म्हणजे छत्तीस आठवडे पूर्ण होत होते १३ मार्चला, नेमकी होळी, आणि तेव्हा रमजान पण चालू होता त्यामुळे बाजारात खजूरच खजूर. नवऱ्याबरोबर लक्ष्मीपुरीत गेले. किती प्रकार असतात मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं, आमच्या घरी खजूर म्हणजे तो दाबून वडी केलेला काळा, उपवासाला आणायचा. तिथे अजवा, मेडजूल, किमिया, कलमी, सगळे उघडे ट्रे मांडलेले. दुकानदाराला पोट बघूनच कळलं, म्हणाला, “ताई, नववा लागला काय? मऊ घ्या, किमिया न्या, फ्रीजमध्ये ठेवा.”

इथे एक गोष्ट सांगते जी कुणी सांगत नाही. सहा खजूर म्हणजे कुठले सहा? मेडजूल केवढा मोठा असतो, एकच साधारण २४ ग्रॅमचा, त्यात ६५ कॅलरी आणि तीन-चार चमचे साखर. तसले सहा खाल्ले तर ४००च्या आसपास कॅलरी झाल्या, जवळजवळ एक जेवण! मी घरी केकसाठी घेतलेल्या काट्यावर मोजले, किमियाचे सहा बियांसकट ५८ ग्रॅम भरले. इराणमधल्या अभ्यासात रोज ७० ते ७५ ग्रॅम दिलेले, तेव्हा तेवढ्याच्या आतबाहेर राहिलं की झालं. मेडजूलच आवडत असतील तर तीन बास.

आता आईचं. पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यामुळे मी मार्चच्या सुरुवातीलाच शिवाजी पेठेत आईकडे आलेली. आईनं डबा उघडून बघितला आणि तिचं सुरू झालं, “उन्हाळ्याचं दिवस, आणि खजूर खातीयास? उष्ण असतंय ते. पोराच्या अंगावर फोड उठतील.” मी म्हटलं अगं पण डॉक्टरांनी सांगितलंय. तर म्हणे, “डॉक्टरला काय कळतंय उष्ण-थंड!” मग आमच्या पेठेतल्याच एका वैद्य बाईंना विचारायला गेलो दोघी, आईच घेऊन गेली, तिला वाटलं त्या तिची बाजू घेतील. त्या म्हणाल्या, अहो खजूर गुरू आणि शीत सांगितलाय आयुर्वेदात, पचायला जड आहे पण उष्ण नाही, भिजवून द्या. आई परत येताना सगळा रस्ता गप्प! आणि दुसऱ्या दिवसापासून तीच सकाळी भिजवून ठेवायला लागली, वर आणि शेजारणींना सांगायला लागली की खजूर थंड असतोय.

आईची दुसरी समजूत होती की खजुरानं रक्त वाढतंय. माझं हिमोग्लोबिन सातव्या महिन्यात १०.२ होतं, त्यामुळे ती जास्तच मागे लागलेली. हे पण मी बघितलं. १०० ग्रॅम खजुरात लोह साधारण १ मिलिग्रॅम, म्हणजे माझ्या सहा खजुरांत अर्धा मिलिग्रॅम, आणि गरोदर बाईला सरकारी योजनेत जी रोजची गोळी देतात तीत ६० मिलिग्रॅम असतं. तेव्हा खजूर खातोय म्हणून गोळी बंद, असं अजिबात करायचं नाही. माझ्या ओळखीतल्या दोघींनी केलेलं आहे, म्हणून जोर देऊन सांगते.

माझी खायची पद्धत अशी. सकाळी तीन, चारच्या चहाच्या वेळेला तीन. एकदम सहा खाल्ले की मला गरगरल्यासारखं व्हायचं. खजूर अंगठ्याच्या नखानं मधोमध उभा चिरायचा, तो आपोआप दोन पाकळ्या होऊन उघडतो, बी काढायची आणि आत नीट बघायचं, हे महत्त्वाचं, कारण कधी कधी आत बारीक काळी भुकटी असते, म्हणजे कीड लागून गेलेली, तो सरळ टाकायचा. चांगल्या खजुराचं आतलं अंग चकचकीत तपकिरी असतं आणि बीभोवती पांढरट पातळ पापुद्रा असतो, तो खाल्ला तरी चालतो. मग बीच्या जागी दोन-तीन भाजलेले शेंगदाणे भरायचे. ही माझी स्वतःची आयडिया. गोड एकदम अंगावर येत नाही, पोट भरतं, आणि चवीला तर इतकं भारी लागतं की घरात सगळेच तसे खायला लागले. नंतर चूळ भरायची, कारण गरोदरपणात हिरड्या आधीच नाजूक झालेल्या असतात आणि खजूर दातांना चिकटून बसतो.

बिया आई एका वाटीत टाकायची. मला वाटलं ती लावणार वगैरे आहे कुठे, तर नाही, संध्याकाळी ती मोजायची. सहा झाल्या का बघायला!

आमच्या गल्लीतली चाची रोज इफ्तारच्या आधी एक छोटी प्लेट पाठवायची, फळं, भजी आणि वर दोन खजूर. तिनंच मला मरियमची गोष्ट सांगितली. कुराणात एकोणिसावी सूरा तिच्या नावाची आहे. तिला कळा सुरू होतात तेव्हा ती एकटी असते, खजुराच्या झाडाच्या बुंध्यापाशी येते, कळांनी इतकी हैराण होते की म्हणते याआधीच मेले असते तर बरं, आणि मग तिला आवाज येतो की दुःख करू नको, तुझ्या पायाखालून झरा वाहतोय, झाडाचा बुंधा आपल्याकडे हलव, ताजे पिकलेले खजूर पडतील, खा आणि पी. चाची हे सांगताना माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. “बघ, खा म्हटलंय आणि पी पण म्हटलंय,” ती म्हणाली, “पाणी भरपूर पीत जा, नुसते खजूर खाऊन बसू नको.” मला ते फार आवडलं. त्या गोष्टीत मरियमला कुणी विचारत नाही की काय खाल्लंस, काय नाही. ती दुखण्यात आहे, म्हणून तिला खायला मिळतं.

३० मार्चला पाडवा आणि ३१ला ईद, एका दिवसाच्या अंतरानं. पाडव्याला श्रीखंड-पुरी झाली म्हणून मी खजूर खाल्ले नाहीत, आणि ईदला शिरखुर्मा आला त्यात खारीक होतीच, म्हणून त्या दिवशी पण नाही. आईला वाटीत बिया दिसेनात तर दोन दिवस अस्वस्थ.

खारकेवरून आठवलं, बऱ्याच जणी विचारतात खारीक चालेल का. खारीक म्हणजे वाळवलेला खजूरच, पण अभ्यास खजुरावर झालेत, आणि खारीक कडक असते, रात्रभर भिजवल्याशिवाय खाऊ नका. आपल्याकडे ओटीत खारीक-खोबरं असतंच आणि बाळंतपणानंतर डिंकाच्या लाडवातही खारकेची पूड पडतेच, म्हणजे हे फळ आपल्या बाळंतिणीला काही परकं नाही, फक्त आपण ते नंतर खातो आणि तिकडे आधी.

आता माझं काय झालं ते. १० तारीख गेली, काहीच नाही. खजुरानं काही लवकर झालं नाही, मलेशियातल्यासारखंच. ११ एप्रिलला पहाटे दोनला कळा आपणहून सुरू झाल्या. जोतिबाच्या चैत्र यात्रेचा आदला दिवस, आम्ही सातला दवाखान्यात निघालो तर रस्त्यावर यात्रेकरूंच्या गाड्या, गुलाल, “चांगभलं”चा आवाज, आणि मी मागच्या सीटवर आईचा हात दाबून धरलेला. तपासलं तर तोंड चार सेंटिमीटर उघडलेलं. मॅडम म्हणाल्या छान आहे. मी मनात म्हटलं, खजूर! पण दुपारी बारानंतर कळा मंदावल्या. दोन तास वाट बघितली, मला चालवलं, मग सलाईनमधून औषध लावावंच लागलं. म्हणजे महिनाभर खाऊनही मी त्या ३७ टक्क्यांतच गेले. त्या क्षणी मला बहिणीची इतकी आठवण आली, कारण माझ्याही मनात लगेच आलं की पाडव्याला नाही खाल्ले, ईदला नाही खाल्ले. एवढं सगळं वाचून, आकडे पाठ असून! सलाईनचे थेंब पडताना मी तेच मोजत बसलेली, दोन दिवसांचे बारा खजूर. नर्स ताईंनी बघितलं मी रडतेय, त्यांना वाटलं दुखतंय. म्हणाल्या, “बाळ उतराय लागलंय की, रडता कशाला?”

पाच चाळीसला मुलगी झाली. नॉर्मल. २ किलो ९००.

लोक भेटायला आले आणि आई प्रत्येकाला सांगायला लागली, “खजूर खाल्ला तिनं महिनाभर, म्हणून नॉर्मल झालं.” तिसऱ्या दिवशी मावशी आणि बहीण आल्या. आईनं तेच वाक्य सुरू केलं आणि मी मध्येच म्हटलं, आई, नाही, बाळाचं डोकं खाली होतं म्हणून झालं, आणि मला सलाईन लागलं ते पण सांग. आई जरा दुखावली. पण बहिणीनं माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही.

गेल्या रविवारी तिचा फोन आला, तिला पुन्हा दिवस गेलेत, पाचवा लागला. आधीचं सिझर असल्यामुळे यावेळी काय करायचं ते डॉक्टर शेवटी ठरवतील म्हणालेत. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच विचारलं, “या खेपेला खजूर खाऊ का गं?”

मी म्हटलं, “आवडतात काय तुला?”

“छे गं, अजिबात नाही. गिळवत नाहीत.”

“मग नको खाऊस.”

“खरंच नको?”

“खरंच नको. पेरू खा.”

ती हसली, आणि म्हणाली नृसिंहवाडीकडचे पेरू मिळाले तर आणून दे.